निळी रेघ

नाही, नाही, तिथं नका ठेवू, तिथं चहा सांडलाय — इकडे, या कापडावर — आणि कडेनं धरा, बाई, कडेनं, मध्ये बोटं लावायची नसतात. हां. असं. क्लाइव्ह टॅम्स मीच, बाहेरच्या पाटीवर आहे ते माझंच नाव, अर्धं पुसलंय एवढंच. विकायला आणली असेल तर आधीच सांगतो, मंगळवारी मी काही घेत नाही. मंगळवारी बाजार ओस, मग मी खोक्यांची लावालाव करतो — ही पुठ्ठ्याची पाटी बघा, 'नॉर्दर्न', ही 'मॉडर्न', आणि ही 'क्रॉसओव्हर', म्हणजे ज्यांचं धड इकडे जमलं नाही आणि तिकडेही जमलं नाही ते बिचारे — तर लोक येतात, एक रेकॉर्ड काढतात, उलटीसुलटी बघतात आणि भलत्याच खोक्यात कोंबून जातात. परवा एकानं एकोणऐंशी सालची एक 'नॉर्दर्न'मध्ये घातली होती. एकोणऐंशी! मला जेवण गेलं नाही त्या दिवशी. हसू नका. हसताय तुम्ही.

विकायची नाही? मग? — नाव विचारायचंय. गाण्याचं नाव. अहो, मग फोनला ऐकवायची ना, आता फोन सांगतो सगळं, माझ्याकडे कोण येतंय विचारायला — ऐकवलीत? मग काय म्हणाला फोन? नाव सांगितलं आणि खाली काय लिहिलं? 'पॉप'? — पॉप! बघा. आता मला सांगा, ज्याला 'पॉप' म्हणायचं ते लोकांना आवडलेलं असावं लागतं की नाही? एवढी तरी अट आहे की नाही त्या शब्दाला? आणि आमचं गाणं म्हणजे काय, तर कुणाला न आवडलेलं. तिकडे अमेरिकेत साठ-पासष्ट साली काळ्या पोरापोरींनी जीव ओतून गायलेलं सोल, तीनशे-चारशे रेकॉर्डी काढलेल्या, त्यातल्या वीस खपलेल्या, बाकी गोदामात. पडलेलं गाणं. आणि दहा वर्षांनी त्यावर नाचलं कोण, तर आम्ही — इथं इंग्लंडात, स्टोकमध्ये, कपबशांच्या कारखान्यातली आणि कोळशाच्या खाणीतली पोरं, शनिवारी रात्री, सकाळपर्यंत, थेंबभर दारू नाही, नुसता चहा आणि जमिनीवर टाल्कम पावडर, बुटांचे चामडी तळ घसरावेत म्हणून. आणि 'नॉर्दर्न' हे नाव दिलं कुणी? गाणाऱ्यांनी नाही, नाचणाऱ्यांनी नाही. लंडनच्या लोकांनी — ही उत्तरेकडची पोरं येऊन जे मागतात ते, 'नॉर्दर्न'. आम्हाला आधी राग आला, मग आम्ही तेच नाव पिशवीवर शिवून फिरायला लागलो. माणसाचं असंच असतं बघा, दुसऱ्यानं ठेवलेल्या नावासाठी आपण डोकी फोडतो.

मी बोलतो फार. मंगळवारी कुणी येत नाही ना, म्हणून साचतं. दाखवा ती रेकॉर्ड, काढा कव्हरातून —

ही कुठं मिळाली तुम्हाला?

नाही, थांबा, हात लावू नका. हा कागद — लेबलवर हा पांढरा कागद चिकटवलाय तो — कुठं मिळाली ही? कुणी दिली? — वडिलांची. वडिलांचं नाव काय तुमच्या?

टेरी ब्लूर.

तू टेरीची मुलगी. — बस. ते खोकं सरकव आणि बस. हीदर का, बरं. हीदर. आणि त्यानं — नाही, कळलं मला, तू ज्या आवाजात म्हणालीस ना 'वडिलांची होती', त्यावरूनच कळायला हवं होतं. कधी? गेल्या बुधवारी. मला कुणी सांगितलं नाही. सांगणार तरी कोण म्हणा, आणि का सांगावं मला. इथून चार मैलांवर राहत होता, माहीत आहे का तुला, चार मैल, मी एकदा बसमधून पाहिलाय त्याला, ओटकेकच्या दुकानासमोर रांगेत उभा होता, टोपी घालून, बस सिग्नलला थांबली होती, आणि मी — मी मान फिरवून बसलो. त्यालाही अकरा वर्षं झाली असतील.

तर तुला नेमकं काय हवंय ते सांग. गुरुवारी अंत्यविधी, आणि पत्रिका छापायची, तिच्यात गाण्यांची नावं द्यायची. हं. आणि फोन एक नाव सांगतो, आणि तुझा बाप आयुष्यभर दुसरंच म्हणत आला. 'विनी ॲडरलीचं गाणं.' — असंच म्हणायचा? अजून? 'विनी ॲडरली, भट्टी विझवू नको'? अरे देवा. अगं, मी शनिवारी रेकॉर्डी लावायचो ना, त्या हॉलमध्ये विनी ॲडरली चहा द्यायची! साठीची बाई, खाणकामगारांच्या क्लबात खिडकीत बसायची, तिच्या हातचा चहा म्हणजे गरम पाणी आणि दटावणी. अमेरिकेत अशी कुणी गायिका झालीच नाही. ते नाव आम्ही ठेवलेलं — नाही, खरं सांगायचं तर त्यानं ठेवलेलं. भट्टीही त्याचीच, भट्टीत ताटल्यांच्या चळती लावायचं काम करायचा ना तो. म्हणाला, गाणं ऐकून मला दर वेळी भट्टीचं दार उघडल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, अरे कुणी विश्वास ठेवेल का. म्हणाला, तू माइकवर चेहरा गंभीर ठेवून म्हण, सगळे ठेवतील. आणि ठेवला की! बर्मिंगहॅमची पोरं दुकानादुकानातून विचारत फिरली, विनी ॲडरलीची रेकॉर्ड आहे का. आम्ही पोट धरधरून हसलो, आणि विनीबाईला आम्ही कधी सांगितलंच नाही.

खोटं नाव कशाला, म्हणतेस? तुझ्या बापानं सांगितलं नाही? — तो काहीच सांगायचा नाही का त्या दिवसांबद्दल. बरं. तर ती रीतच होती आमच्यात. डीजेला एखादं गाणं सापडलं, की जे दुसऱ्या कुणाकडेच नाही, तर तो लेबलवर कोरा कागद चिकटवायचा आणि बनावट नाव सांगायचा. कारण खरं नाव कळलं की दुसरा डीजे शोधून काढणार, आणि त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी चोरून त्याच्या हजार नकला छापणार, गाडीच्या डिकीतून विकणार, मग ते गाणं संपलं. लग्नाच्या हॉलमध्ये वाजायला लागलं की संपलं. हे गाणं मला मिळालं चौऱ्याहत्तर साली, लिव्हरपूलच्या एका गोदामवाल्याकडून किलोवर घेतलेल्या खोक्यात. मी एकटाच होतो तेव्हा, टेरी कामावर. ऐकलं आणि खाली बसलो, जमिनीवर. आणि टेरी संध्याकाळी यायच्या आत कागद चिकटवून मोकळा झालो. हो, त्यालासुद्धा सांगितलं नाही. त्याला वाईट वाटलं असेल? दाखवलं नाही त्यानं. म्हणाला, बरंय, मला नको सांगू, माझ्या पोटात राहील न राहील. पायांना नाव लागत नाही, म्हणाला.

हे त्याचं नेहमीचं होतं, पायांना नाव लागत नाही. आमची सगळी भांडणं त्यावरून. मी म्हणायचो, अरे हे नॉर्दर्न नाही, हे मॉडर्न आहे, ताल बघ, साल बघ, यावर नाचलास तर उद्या डिस्कोवर नाचशील. तो म्हणायचा, नाचेन की. मुद्दाम. मला चिडवायला. ओटकेक खाता खाता, तोंडात चीज, आणि म्हणायचा, क्लाइव्ह, तू देवाच्या दारात गेलास ना, तर आधी विचारशील, हे कुठल्या खोक्यात येतं? — मग माझं लग्न झालं आणि बायको, पोलीन, तीही तेच म्हणाली मला सोडून जाताना. 'मला कुठल्या खोक्यात ठेवलंयस तेवढं सांग.' दोन माणसं एकमेकांना न भेटता एकच वाक्य बोलतात म्हणजे काहीतरी असणार त्यात. पण तुला सांगतो, टेरी गेल्यावर — मरण्याचं नाही म्हणत मी, तेव्हा गेल्यावर — तसं भांडायला कुणी मिळालं नाही. इंटरनेटवर भांडतात, रोज भांडतात, मीही भांडतो, कुणी मला 'पोलीस' म्हणतं, कुणी 'म्हातारा' म्हणतं. पण त्यातला कुणी भांडण झाल्यावर अर्धा ओटकेक पुढं करत नाही.

तो दिवा ओढ जरा इकडे. आणि ते भिंग दे, त्या डब्यात आहे. — काही नाही, बघतोय. बघू दे.

ही रेघ दिसते का तुला? कागदाच्या कडेनं ही बारीक निळी रेघ, गोल, पुरी फिरलेली. अर्धी कागदावर आणि अर्धी बाहेर लेबलवर. ही मी मारलेली आहे. मी कारखान्यात ताटल्यांच्या काठांवर रेघा मारायचो, चाकावर ताटली ठेवायची, डाव्या हातानं चाक फिरवायचं, उजव्या हातातली कुंचली हलवायची नाही, श्वाससुद्धा घ्यायचा नाही. सगळ्या बायकाच होत्या त्या खात्यात, बायकांत एक मी. टेरी म्हणायचा, बायकांच्या बाकावरचा क्लाइव्ह. तर कागद चिकटवला की त्यावर मी ही रेघ मारायचो. मोहरच म्हण. कागद जरा जरी उचलला तर रेघ तुटणार, आणि तुटली की पुन्हा जुळवणं कुणाच्या बापाला — माफ कर — कुणालाच शक्य नाही. माझ्या खात्यातल्या चार बायकांना जमलं असतं कदाचित. टेरीच्या हाताला? त्याचे हात तू पाहिलेस ना. भट्टीवाल्याचे हात. त्याला चहाच्या कपाचा कान धरता यायचा नाही.

रेघ अख्खी आहे.

नाही, थांब, पुन्हा बघतो. इथं पुसट झालीय, पण ती वापरानं. तुटलेली नाही. कुठंच नाही. — दर रविवारी वाजवायचा? स्वयंपाकघरात? पावडर टाकून, आणि तुझी आई ओरडायची, फरशीचा सत्यानाश केलास म्हणून. अठ्ठेचाळीस वर्षं दर रविवारी, आणि एकदाही कागद उचलून बघितलं नाही. खरं नाव तर तोवर जगजाहीर झालेलं, उचलला असता तरी काय बिघडणार होतं. तरी नाही उचलला.

तुला माहीतच नाही काय झालं ते. कुणी सांगितलं नाही तर मीच सांगायला हवं, नाहीतर तू पत्रिका छापून मोकळी होशील आणि — ऐक. माझी खोली चार जणांत होती, म्हणून रेकॉर्डींची पेटी आठवडाभर टेरीकडे असायची. पंच्याहत्तरच्या फेब्रुवारीत एका शनिवारी मी हॉलवर आलो, तर बाहेर गाडीच्या डिकीतून कुणीतरी विकत होतं. नकला. हजारभर. खऱ्या नावानं. ते नाव माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, आणि रेकॉर्ड माझ्याशिवाय एकाच माणसाच्या हातात असायची. मग मी काय समजणार? तूच सांग, माझ्या जागी कुणीही काय समजलं असतं? — मी स्टेजवर गेलो, गाणं थांबवलं, आणि माइकवर बोललो. सहाशे माणसांसमोर. म्हटलं, आपल्यात चोर आहे, आणि तो टेरी ब्लूर आहे.

तो मध्यभागी होता, नाचत. लोक बाजूला झाले. तो पेटीकडे गेला, ही रेकॉर्ड काढली — कडेनं धरून, इतकं होऊनही कडेनं धरून — आणि स्टेजखाली येऊन माझ्याकडे वर धरली. म्हणाला, रेघ बघ, क्लाइव्ह. एवढंच म्हणाला. मी खाली वाकून घेतली असती तर? दोन सेकंदांचं काम. मी काय केलं? माइकवरच म्हणालो, रेघ पुन्हा मारता येते. — हॉलला काय कळतंय रेघेतलं. मला कळत होतं. त्यानं ती रेकॉर्ड शर्टाच्या आत घातली आणि निघाला. बाहेर जाता जाता कुणीतरी त्याच्या पिशवीवरचे बिल्ले उसवून घेतले, हॉलचा बिल्ला, वळलेल्या मुठीचा बिल्ला, ती आम्हा नाचणाऱ्यांची खूण, सगळे. तोही उभा राहिला, काढू दिले. एकच मुलगी त्याच्यामागं गेली, पिवळा घेरदार झगा होता. — तुझी आई? मला वाटलंच. बरं झालं. मला नेहमी वाटायचं, त्या मुलीनं त्याला सांभाळलं असेल.

आणि तो परत कधी आला नाही. स्टोकमध्येच नाही, कुठल्याच हॉलवर नाही. त्याच्याइतका नाचणारा आमच्यात दुसरा नव्हता, आणि तो स्वयंपाकघरात नाचला.

का नाही बघितली? — तू विचारलं नाहीस, पण बघतेयस तशी. राग होता. रागात माणूस — नाही. तसं नाही. सांगतो. नकला यायच्या तीन महिने आधी, हॉलच्या बाहेर, गाड्या उभ्या करतात तिथं, एक वुल्व्हरहॅम्प्टनचा माणूस मला भेटला. मिशीवाला, हुशार, मॉडर्नवाल्यांतला. म्हणाला, तुझं ते विनी ॲडरली छान आहे, पण ते नॉर्दर्न नाही. गेल्या वर्षीचं आहे ते. मॉडर्न आहे. तू तुझ्या लोकांना फसवतोयस. — मला! मला म्हणाला हे! आता त्याला हसून घरी पाठवायचं की नाही? टेरी असता तर म्हणाला असता, असेल बाबा, तू म्हणशील ते. मी वाद घातला. पाऊण तास. मी म्हटलं, सहासष्टचं आहे. तो म्हणाला, सिद्ध कर. मी म्हटलं, डेट्रॉइटला झालंय. तो म्हणाला, तिथं आजही होतात. मी म्हटलं, त्या कंपनीनं पाचच रेकॉर्डी काढल्या आणि सदुसष्टला बंद पडली. नाव नाही सांगितलं हां. गाण्याचं नाव मी सांगितलं नाही, शपथ घेऊन सांगतो. लेबलचा रंग सांगितला. आणि — नंबर. रेकॉर्डचा नंबर सांगितला. शेवटचे तीन आकडे. त्याचा चेहरा उतरलेला बघायचा होता मला. उतरला. म्हणाला, मानलं तुला, नॉर्दर्नच आहे. मी घरी आलो ते हवेत.

एवढ्यावर कुणीही तासाभरात शोधून काढील. मला ठाऊक होतं. त्या शनिवारी, डिकी बघितली तेव्हाच, त्या पहिल्या क्षणाला मला ती मिशी आठवली होती. आणि मग मी ती विसरलो. विसरता येतं, पोरी, ठरवलं की विसरता येतं. रेघ बघितली असती आणि ती अख्खी निघाली असती, तर मग माझ्याशिवाय दुसरं कुणी उरत नव्हतं. म्हणून नाही बघितली. एका खोक्यावरच्या पाटीसाठी मी तुझ्या बापाला सहाशे माणसांत चोर ठरवलं. आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आणि तुलासुद्धा सांगणार नव्हतो, मी तुला नाव सांगून वाटेला लावणार होतो.

तर पत्रिकेवर विनी ॲडरली छाप. फोनवरचं नाव छापू नकोस. ते खरं आहे, पण ते माझं खरं आहे, त्याचं नाही. आणि कागद काढू नकोस. कुणी म्हणालं काढून बघू या, तरी नको.

ठेवतेस? पिशवीत नीट ठेव, उभी. — हीदर, तिथं माइक असेल ना? दहनगृहात असतो. मला दोन मिनिटं दे. मी एवढंच म्हणेन, की रेघ अख्खी आहे. त्या सहाशेंतली आता किती जण उरलीत कोण जाणे, पण चार-पाच येतील, पत्रिकेवर नाव बघून येतील, त्यांनी ऐकायला हवं. माझ्या तोंडून ऐकायला हवं. किंवा बोलत नाही. तुला नको असेल तर बोलणार नाही, मागं दाराशी उभा राहीन, गाणं झालं की निघून जाईन. गुरुवार म्हणालीस. किती वाजता?

किती वाजता आहे, हीदर?

— बरं. नको सांगूस. तुझ्या जागी मी असतो तर मीही नसतं सांगितलं. जा तू. जिन्याच्या दोन पायऱ्या ओल्या आहेत, जपून. आणि ती पिशवी अशी नको, अगं — हातात घे ती. कडेनं धर. कडेनं.